होडीवर फिश फाइंडर बसवताना: कण्हेर, धोम, कोयना ही धरणं आणि कृष्णेच्या पाण्यासाठी

“होडी थांबलेली असली की सगळं छान दिसतं. जरा वेग घेतला की स्क्रीनवर नुसता कचरा.” नवीन फिश फाइंडर, म्हणजे पाण्याखालचा तळ आणि मासे स्क्रीनवर दाखवणारं मशीन, घेतलेल्या दहातल्या आठ जणांची तक्रार हीच असते. मग मशीन बदलून आणायची धावपळ सुरू होते. बहुतेक वेळा मशीन ठणठणीत असतं. पाण्यात बुडणारा त्याचा छोटा भाग, म्हणजे ट्रान्सड्युसर, चुकीच्या जागी बसवलेला असतो. म्हणून या लेखात स्क्रीनबद्दल थोडं आणि ट्रान्सड्युसरबद्दल पुष्कळ वाचायला मिळेल.

मशीनचं काम समजून घेतलं की पुढच्या निम्म्या सूचना आपोआप पटतात. ट्रान्सड्युसर पाण्यात आवाजाचा ठोका सोडतो. तो तळावर किंवा माशावर आपटून परत येतो आणि त्याला लागलेल्या वेळावरून खोली निघते. गोड्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण दीड किलोमीटर जातो. दहा मीटर खोल तळाला शिवून परत यायला त्याला सेकंदाचा शंभरावा भागच, थोडा जास्त, लागतो. पाणी गढूळ असलं तरी फरक पडत नाही, कारण इथे उजेडाचा संबंध नाही. हवेचा मात्र आहे. पाण्यातून हवेच्या बुडबुड्यावर आदळलेला आवाज जवळजवळ पूर्ण माघारी फिरतो. मासा स्क्रीनवर दिसतो तोही मुख्यतः त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीमुळेच. तेव्हा ट्रान्सड्युसरच्या तोंडाशी बुडबुडे आले, की मशीन आंधळं झालंच म्हणून समजा.

आधी परवानगी, मग ड्रिल

धरणांमधल्या मासेमारीचे हक्क साधारणपणे मत्स्यव्यवसाय विभागाकडून सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. हौशी गळवाल्याने त्या संस्थेला विचारल्याशिवाय होडी पाण्यात घालू नये. कोयनेच्या शिवसागर जलाशयाचा मोठा काठ अभयारण्याला आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाला लागून आहे, तिथे वनखात्याचे नियम वेगळे आणि कडक आहेत. चांदोलीच्या वसंतसागर जलाशयाचंही तसंच. शिवसागरच्या काठच्या तापोळा, बामणोलीला भाड्याची होडी घेणार असाल तर मालकाला स्पष्ट सांगा, “मामा, होडीला भोक पाडणार नाही, नुसता शिकंजा आवळणार आहे.” एवढं ऐकलं की बहुतेक नावाडी हरकत घेत नाहीत. “मशीन कशाला, तळ मला तोंडपाठ हाय,” असं ऐकून घ्यायची तयारी मात्र ठेवा. तो खरंच सांगत असतो, त्यामुळे मशीन लावल्यावरही त्याला प्रश्न विचारत राहा.

खरेदी करताना

आपल्याकडच्या पाण्याला महागडं मॉडेल लागत नाही. “अमुक शे मीटर खोलीपर्यंत चालतं” ही जाहिरात समुद्रवाल्यांसाठी. चार-पाच इंची स्क्रीन, २०० किलोहर्ट्झ फ्रिक्वेन्सी आणि जीपीएस, एवढं असलं की पुरे. गार्मिन, लॉरन्स, हमिनबर्ड या तिन्ही कंपन्यांची लहान मॉडेलं या कामाला चालतात. पैसे वाचवायचे तर स्क्रीनच्या आकारात वाचवा, जीपीएसमध्ये नको. त्याचं कारण पुढे येईल. भर उन्हात स्क्रीन दिसते का, हे दुकानाच्या दारात उभं राहून बघा. आत ट्यूबलाइटखाली सगळ्याच छान दिसतात.

काठावरूनच गळ टाकणार असाल तर हा सगळा खटाटोप नको. दोरीला बांधून फेकायचा, मोबाइलला जोडला जाणारा गोळा मिळतो, तो घ्या.

होडी कशाची आहे, ते बघा

ट्रान्सड्युसर कसा लावायचा, हे होडीच्या अंगावर ठरतं.

फायबरची होडी असेल आणि बुडाचं फायबर एकसंध असेल, तर ट्रान्सड्युसर आतल्या बाजूने इपॉक्सीने चिकटवता येतो आणि आवाज बुडातून आरपार जातो. भोक नाही, तुटायची भीती नाही. पण फायबरच्या दोन थरांमध्ये फोम किंवा लाकूड भरलेलं असेल तर हा मार्ग बंद. इपॉक्सीत एकही बुडबुडा राहता कामा नये. शिवाय थोडा जोर आतच खर्ची पडतो, पाण्याचं तापमान कळत नाही, आणि डाउन इमेजिंगचं, म्हणजे होडीखालच्या तळाचं फोटोसारखं, बारीक चित्र हवं असेल तर हा मार्ग नकोच. चिकटवण्याआधी चाचणी घ्या: होडीच्या आत त्या जागी पाणी भरलेली प्लास्टिकची पिशवी ठेवा, तिच्यात ट्रान्सड्युसर बुडवा आणि होडी पाण्यात असताना स्क्रीनवर खोली बरोबर दिसते का ते बघा.

लाकडी किंवा लोखंडी पत्र्याच्या होडीत आतून लावण्याचा प्रयत्न करूच नका. तिथे ट्रान्सड्युसर पाण्यातच हवा, म्हणजे मागच्या उभ्या फळीवर.

आणि होडी आपली नसेल, किंवा नक्की जागा अजून ठरायची असेल, तर शिकंज्याचा दांडा. माझं मत विचाराल तर नवख्याने सुरुवात यानेच करावी, होडी स्वतःची असली तरी. फॅब्रिकेशनवाल्याकडून ॲल्युमिनियमची चौकोनी नळी हव्या त्या लांबीला कापून घ्या. खालच्या टोकाला ट्रान्सड्युसरचं ब्रॅकेट बसेल अशी पट्टी, वरच्या टोकाला सुताराकडे असतो तसला शिकंजा. पीव्हीसी पाइप स्वस्त पडतो, पण वेगात तो थरथरतो आणि थरथर थेट स्क्रीनवर उतरते. दांडा होडीला पातळ दोरीने वेगळा बांधून ठेवा. पाण्याखालच्या खोडाला धडकून शिकंजा निसटला तर निदान मशीन तरी हातात राहील.

जागा कशी शोधायची

इथे घाई करू नका. होडी जमिनीवर किंवा ट्रॉलीवर असताना मागे उकिडवं बसून बूड नीट न्याहाळा. कुठे उभी पट्टी आहे, कुठे रिबिटांची रांग, कुठे पाणी आत घ्यायचं छिद्र. होडी पुढे जाताना या प्रत्येक अडथळ्याच्या मागे बुडबुड्यांची रेघ उठते. ती रेघ मनात मागच्या फळीपर्यंत ओढा. जिथे एकही रेघ पोचत नाही, ती तुमची जागा. स्वच्छ बूड, सरळ पाणी.

इंजिनाच्या पंख्यापासून, म्हणजे प्रोपेलरपासून, निदान हातभर दूर राहा. बहुतेक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायच्या, इंजिनांचा पंखा, मागून पाहिलं तर, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. अशा वेळी ट्रान्सड्युसर उजव्या बाजूला लावतात, कारण त्या बाजूला पाती खाली जात असतात आणि पाणी कमी घुसळतं. पंखा उलट फिरत असेल तर बाजूही उलट. अगदी कडेला मात्र जाऊ नका, वळण घेताना होडी कलते आणि ट्रान्सड्युसर पाण्याबाहेर येतो.

उंचीचा हिशोब मिलिमीटरचा आहे. फायबरच्या होडीत ट्रान्सड्युसरचं तोंड बुडाच्या रेषेपेक्षा साधारण ३ मिलिमीटर खाली हवं, ॲल्युमिनियमच्या होडीत साधारण १० मिलिमीटर. फार वर राहिला तर हवा लागते. फार खाली गेला तर स्वतःच पाण्याचे फवारे उडवतो आणि पहिल्याच दगडाला जातो. तोंड पाण्याच्या पातळीला समांतर हवं, जमिनीला नव्हे. ट्रॉलीवर होडी कललेली असते, त्यामुळे तिथली लेव्हल फसवते. होडी पाण्यात असताना, नेहमीचा बोजा आणि माणसं बसवून, फळीवर पाण्याची रेघ खडूने मारून घ्या आणि वर काढल्यावर त्या रेघेला गुण्या (सुताराची काटकोनी पट्टी) लावा.

भिलवडी, औदुंबर, डिग्रज, हरिपूर या पट्ट्यात कृष्णेवर होडी असेल तर पाण्यात कमरेएवढं उभं राहून हे काम करू नका. तिथे मगरी आहेत. रेघ होडीत बसून, फळीवरून वाकून मारता येते.

जागा ठरली की ड्रिल उचलण्याआधी शिकंज्याचा दांडा त्याच जागी लावून एक फेरी मारा. सावकाश, मग मध्यम, मग पूर्ण वेगात. तळाची रेघ मध्यम वेगापर्यंत तुटत नसेल तर जागा बरोबर. तुटत असेल तर दांडा चार बोटं सरकवा आणि पुन्हा बघा. भोकं एकदाच पाडायची असतात.

भोकं पाडताना

मागच्या फळीत वारंवार भोकं पडू नयेत म्हणून आधी एक प्लास्टिकचा जाड पाट कायमचा बसवून घ्यावा आणि ट्रान्सड्युसरचं ब्रॅकेट त्या पाटावर. पुढे मशीन बदललं तरी होडीला हात लागत नाही. भाजी चिरायचा जाड पांढरा प्लास्टिकचा पाट यासाठी उत्तम चालतो, पाण्याने कुजत नाही की फुगत नाही. मात्र त्याला कुठलाही गोंद धड धरत नाही, म्हणून स्क्रूनेच आवळायचा. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्या, साधे गंजतात.

ड्रिलच्या बिटाला हव्या त्या खोलीवर चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे फळी आरपार होणार नाही. भोक स्क्रूपेक्षा बारीक. फायबरवर बिट घसरू नये आणि कड उडू नये म्हणून त्या जागी आधी चिकटपट्टी लावून तिच्यावर खूण करा. सुरुवातीचे काही फेरे ड्रिल उलटं फिरवलं तर वरचा चकचकीत थर तडकत नाही. भुसा झाडून भोकात बोटीसाठीचा पॉलियुरेथेन सीलंट भरा, स्क्रूलाही लावा, आणि पिळताना तो चहूबाजूंनी बाहेर आला की समजा भरला. बाथरूमला लावतात तो व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन पाण्याखाली भरवशाचा नाही. सीलंट पूर्ण सुकेपर्यंत होडी पाण्यात नको. ट्यूबवर दिलेला वेळ पाळा, पावसाळी हवेत त्याहून थोडा जास्त.

लोखंडी होडीला भोक पाडण्यापेक्षा पाण्याच्या रेघेच्या वर एक पट्टी वेल्डिंग करून घेणं मला जास्त पटतं. वेल्डिंग होईपर्यंत मशीन आणि बॅटरी घरीच ठेवा. नंतर त्या जागेला प्रायमर आणि रंग न चुकता.

केबल

ट्रान्सड्युसरची केबल कधीही कापू नका. जास्तीची असेल तर आठ आकड्यासारखी सैल गुंडाळून केबल टायने बांधा. इंजिनाच्या वायरींबरोबर एकाच पाइपातून ती नेऊ नका. स्पार्क प्लगच्या विजेचा व्यत्यय स्क्रीनवर बारीक ठिपक्यांच्या पावसासारखा उमटतो आणि मग तुम्ही मासे मोजत बसता. इंजिनाच्या वायरी एका बाजूने, ही दुसऱ्या बाजूने. केबल फळीवरून आत घेताना पाण्याच्या रेघेच्या वरून घ्या आणि ट्रान्सड्युसरपाशी थोडी ढील ठेवा, म्हणजे धडक बसून तो वर उचलला गेला तरी केबल ताणत नाही. प्लग खाचेत बसवताना जोर लावायचा नाही. पिना वाकल्या की दुरुस्ती अवघड.

बॅटरी आणि फ्यूज

दोरी ओढून चालू होणाऱ्या लहान इंजिनाला बॅटरी नसते, म्हणून फिश फाइंडरला वेगळी १२ व्होल्टची बॅटरी लागते. इंजिनाला बॅटरी असली तरी वेगळीच घ्या. इंजिन चालू होताना व्होल्टेज पडतं आणि मशीन बंद होऊन पुन्हा सुरू होतं. संगणकाच्या यूपीएसमध्ये असते तसली ७ अँपिअर-अवरची बंद बॅटरी साताऱ्यात काय, सांगलीत काय, कुठल्याही बॅटरीच्या दुकानात मिळते. हिशोब सोपा. मशीन अर्धा अँपिअर खात असेल तर कागदावर १४ तास. पण ही बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं, तेव्हा सात तास धरा. एका दिवसाला तेवढं पुष्कळ झालं. लिथियम फॉस्फेटची बॅटरी हलकी असते आणि जास्त टिकते, पण तिचा चार्जर वेगळा लागतो.

लाल वायर धनला, काळी ऋणला. लाल वायरीवर, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत, फ्यूज. किती अँपिअरचा ते माहितीपुस्तिकेत असतं, लहान मशीनना बहुधा ३ अँपिअरचा. फ्यूज उडाला म्हणून तार गुंडाळून काम भागवायची आपली सवय इथे चालणार नाही. होडीत शेजारी पेट्रोलची टाकी असते. वायरींची टोकं नुसती पिळून टेप मारण्याऐवजी थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाची धातूची टोपी, दाबून त्यावर उष्णतेने आकसणारी नळी चढवा. बॅटरी झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा आणि डबा होडीला बांधा.

स्क्रीनबद्दल एवढंच: सुकाणू धरून बसल्यावर मान न वळवता दिसेल अशी, आणि चटकन काढून घरी नेता येईल अशी.

पहिल्यांदा चालू केल्यावर

भाषा आणि मीटर-फूट निवडलं की पाण्याचा प्रकार गोडं पाणी ठेवा. समुद्रात आवाज थोडा जास्त वेगाने जातो, चुकीचा प्रकार ठेवला तर खोली थोडी चुकते. मग दोरीला वजन बांधून स्थिर होडीतून तळापर्यंत सोडा आणि मापून बघा. ट्रान्सड्युसर पाण्याच्या वीतभर खाली असेल तर मशीन तेवढी खोली कमी दाखवतं. तो फरक सेटिंगमध्ये भरून टाका.

संवेदनशीलता सुरुवातीला ऑटोवर राहू द्या. माशांची चित्रं दाखवणारी सोय मात्र पहिल्याच दिवशी बंद करा. पाणवनस्पती, बुडबुडा, बुडालेली फांदी, सगळ्यांना ती मासा म्हणते. दुकानदार तीच दाखवून मशीन विकतो.

आता वाचायचं कसं. स्क्रीनची उजवी कड म्हणजे आत्ताचा क्षण, डावीकडे सरकत जातं ते मागे पडलेलं पाणी. तळाची रेघ जाड आणि तेजस्वी, खाली तिचीच दुसरी सावली, तर खाली खडक किंवा कडक मुरूम. पातळ, फिकी, पसरट रेघ म्हणजे गाळ. चालत्या होडीखालून मासा गेला तर कमान उमटते. होडी उभी असेल आणि मासाही खाली उभा असेल तर कमान न होता लांब आडवी रेघ येते. ती बघून गोंधळू नका.

आवाजाचा झोत विजेरीच्या उजेडासारखा खाली रुंदावत जातो. २० अंशांचा झोत दहा मीटर खोलीवर साधारण साडेतीन मीटर रुंद भाग बघतो, ६० अंशांचा तेवढ्याच खोलीवर साडेअकरा मीटर. म्हणजे मोठ्या झोतात दिसलेला मासा तुमच्या बरोबर खाली असेलच असं नाही, चार-पाच मीटर बाजूलाही असू शकतो. खाली उतरत्या कड्यावर रुंद झोत हमखास फसवतो. कोयनेच्या काठांना असे कडे जागोजागी आहेत. तिथे अरुंद झोत लावा.

वेगात रेघ अजूनही तुटत असेल तर ट्रान्सड्युसरची शेपूट एका खाचेने खाली झुकवा आणि पुन्हा फेरी मारा. मग उंची दोन-तीन मिलिमीटरनी कमी-जास्त करा. एका वेळी एकच बदल, नाहीतर कशाने सुधारलं ते कळणार नाही.

उन्हाळ्यातलं काम

जीपीएस घ्यायला सांगितलं ते यासाठी. मासे मोकळ्या सपाट तळावर थांबत नाहीत. त्यांना आडोसा लागतो: जुना बांध, विहिरीचा कठडा, ओढ्याचं बुजलेलं पात्र, बुडालेल्या झाडांचे बुंधे. धरणं बांधली तेव्हा शेतं, रस्ते आणि गावं पाण्याखाली गेली. शिवसागरच्या पाण्याखाली कितीतरी वस्त्यांच्या खुणा आहेत. कोयनेचं पाणी वीजनिर्मितीला आणि शेतीला जातं, त्यामुळे मेअखेरीस पातळी कित्येक मीटर खाली जाते आणि यातलं बरंच उघडं पडतं.

तेव्हा मे महिन्यात एक सकाळ काढा. मशीन आणि बॅटरी पिशवीत घालून कोरड्या तळावरून चाला. ट्रान्सड्युसर नसला तरी जीपीएस चालतं. प्रत्येक बांधाच्या टोकावर, प्रत्येक बुंध्यापाशी, ओढा जुन्या पात्राला मिळतो त्या कोपऱ्यावर खूण साठवा आणि नाव द्या: “आंबा बुंधा”, “विहीर”, “पूल”. जलाशय भरून दिवाळीनंतर पाणी निवळलं की याच खुणांवर होडी नेऊन उभी करायची. वर नुसतं निळं पाणी आणि स्क्रीनवर खाली बांधाची पायरी, तिच्या बाजूला दोन कमानी. गाळात चालताना काठी हातात ठेवा. वरून सुकलेला गाळ आत लोण्यासारखा असतो. कुणाच्या बुडालेल्या घराच्या जोत्यावर, देवळाच्या चौथऱ्यावर खूण करताना तिथलं काही उचलून आणू नका. त्या गावची माणसं अजून ती जागा बघायला येतात.

याच खुणा होडी वाचवतातही. पातळी उतरत जाते तसे जानेवारीत खोल असलेले बुंधे एप्रिलमध्ये पंख्याला लागायला येतात.

सांगलीकडच्या नदीत हे काम वेगळं आहे. कृष्णेत दर पुराला गाळ हलतो, त्यामुळे गेल्या वर्षीच्या खुणांवर विसंबू नका. हरिपूरला वारणा मिळते तिथे आणि बंधाऱ्यांच्या वरच्या अंगाला पावसाळ्यानंतर नव्याने फेरी मारून खोली बघावी. बंधाऱ्याच्या अगदी जवळ होडी नेऊ नका, दारं उघडली की ओढ वाढते. आणि सातारा, सांगली दोन्ही जिल्ह्यांत, कितीही उथळ पाणी असलं तरी, लाइफ जॅकेट अंगात. बसायच्या फळीखाली ठेवलेलं मोजत नाही.

नंतरची निगा

होडी बाहेर काढली की ट्रान्सड्युसरच्या तोंडावरचं शेवाळ ओल्या फडक्याने आणि साबणाच्या पाण्याने पुसा. शेवाळाचा पातळ थरही हवा धरून ठेवतो. पेट्रोल, थिनर, सँडपेपर यातलं काहीही लावू नका. बॅटरी त्याच रात्री चार्जिंगला लावा, आठवडाभर उतरलेली ठेवली तर ती पुन्हा पूर्ण भरत नाही. पावसाळ्यात होडी उपडी घालताना ट्रान्सड्युसर ब्रॅकेटवरून सोडवून आत घ्या, नाहीतर तो वजनाखाली येतो. केबलवर उंदीर येणार नाहीत अशा जागी, गोल गुंडाळून, खुंटीला टांगून ठेवा.